धुरी हवालदारांची कलमं

"काका, इतकं आवळू नका. आरोपी नाही तो, पळून जाणार नाही," सुहासिनी म्हणाली.

धुरी हवालदारांनी आंब्याच्या कलमावरची प्लॅस्टिकची पट्टी जराशी सैल केली. पोलिसातून निवृत्त होऊन ते या नर्सरीत काम शिकायला आले होते. अर्जात त्यांनी 'कलमे लावण्याचा चौतीस वर्षांचा अनुभव' असं लिहिलं होतं, आणि मालकांना ते बागेतलंच वाटलं होतं. शिकवणारी सुहासिनी त्यांच्या धाकट्या मुलीच्या वयाची, तरी ती जवळ आली की ते ताडकन उभे राहायचे. अट एकच होती. पन्नास कलमं बांधायची, त्यातली चाळीस जगली तर नोकरी पक्की.

प्रत्येक कलमाला जात आणि तारखेची चिठ्ठी लावायची असते. हवालदारांच्या चिठ्ठीवर होतं, 'सदर हापूसची काडी रायवळ रोपास दोन पंचांसमक्ष जोडण्यात आली.' खाली पाणी घालणाऱ्या दोन्ही मावश्यांच्या सह्या होत्या.

महिन्याभराने सुहासिनीने एकेक पिशवी उचलून कोवळी तांबूस पालवी तपासली. हवालदार हात मागे बांधून, कोर्टात निकालाला उभे राहायचे तसे उभे होते.

"काका, पन्नासपैकी सत्तेचाळीस टिकली."

ते मटकन मातीच्या ढिगावर बसले.

"परत एकदा सांगा, मॅडम," ते म्हणाले. "कोर्टात माझं एकही कधी टिकलं नाही."