पहिला फेरा

"पाळणा माझा थोडाच आहे, बाई?" मालकीण हौसाबाई 'कामात जीव ओत' म्हणाल्या की इलाहीचं हे उत्तर ठरलेलं. जत्रेत आकाशपाळणा जोडायचा, पगार घ्यायचा, संपलं.

आज हौसाबाई वेगळंच बोलल्या. "पहिला फेरा आपल्या कामगारांच्या पोरांचा. फुकट. बसवा रे!"

इलाहीची शबाना पळत जाऊन तांबड्या पाळण्यात बसली आणि बापाकडे बघून हात हलवू लागली. इलाहीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच पाळण्याचा नट काल त्याने नुसता बोटांनी फिरवून सोडला होता. पान्यासाठी खाली कोण उतरणार?

"थांबा! इंजिन लावू नका!" पोरांना उतरवून तो पाना घेऊन वर चढला आणि एकूण एक नट आवळूनच उतरला. सदरा घामाने भिजला होता.

"बाई, इंजिन सुरू झालं असतं तर?"

"कसं होईल?" हौसाबाईंनी मूठ उघडली. आत इंजिनाची किल्ली होती. घट्ट धरल्याने तिचा वळ तळव्यावर उठला होता. "धर. आता तू म्हणशील तेव्हाच पाळणा फिरेल."

इलाहीने किल्ली खिशात टाकली आणि प्रत्येक नट पुन्हा तपासायला पाना घेऊन वर चढला.