पेन्सिलीचं झाड

संग्रहालयाच्या मोठ्या दालनात एकोणिसाव्या शतकातलं एक पेन्सिलचित्र होतं. ओढ्याकाठचं एकटं झाड. संचालकसाहेब प्रत्येक पाहुण्याला त्याच्यासमोर उभं करत.

"ही रेघ बघा! काय दणकट हात! थोर चित्रकार होता तो, सोम्यागोम्याचं काम नाही हे."

एकदा काच बदलायला चित्र चौकटीतून काढलं, तर कडेखाली दडलेली सही दिसली. ती चित्रकाराच्या बायकोची होती. चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाई ते चित्र घेऊन आनंदाने धावतच साहेबांच्या खोलीत आल्या.

"साहेब, केवढी मोठी बातमी! नवीन पाटी करायला टाकू ना?"

साहेबांनी चष्मा चढवून चित्र पुन्हा पाहिलं आणि नाक मुरडलं.

"तरीच! मला ही रेघ जरा लेचीपेचीच वाटायची. घरकाम उरकून केलेला विरंगुळा हो हा. टाका गोदामात."

"अहो, पण आत्ता परवापर्यंत तुम्हीच तर..."

"बाई, चित्रातलं मला कळतं."

दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या जागी त्याच थोर चित्रकाराचं अस्सल तैलचित्र लागलं. साहेबांनी पाटीही हौसेने स्वतःच सांगून करून घेतली.



'निवांत बसलेली पत्नी.'