साइडकारमधून

अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडला, तेव्हा फिटरकाकांनी काळजावर दगड ठेवून साइडकारवाली जुनी बीएसए मोटरसायकल विकायला काढली. काकूंनी गिऱ्हाईक दारातूनच वाटेला लावलं आणि साठीत, पडत-धडपडत, स्वतः ती गाडी चालवायला शिकल्या.

आज गाडी काकूंच्या हातात होती आणि काका जन्मात पहिल्यांदा साइडकारमध्ये बसले होते. थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "अगं, इथून नुसती धूळ खायची. रस्ता धड दिसत नाही. इतकी वर्षं इथे बसून तू बघत तरी काय होतीस?"

"तुम्हाला," समोरची नजर न हलवता काकू म्हणाल्या.

मग काकांनीही रस्त्याचा नाद सोडला आणि मान वर करून काकूंकडे बघत राहिले.