आजीची मुलाखत

लेक दोन भाषांत गोंधळते असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं, त्याच दिवशी सुनेने सासूबाईंना बजावलं होतं, "आई, हिच्याशी आपली घरची भाषा नको हं आता." सासूबाई "बरं" म्हणाल्या. दुसरी, शाळेची भाषा त्यांना धड येत नव्हती, त्यामुळे नातीशी बोलणंच खुंटलं.

आज घरच्या भाषेतल्या सरकारी चॅनेलवर त्यांची मुलाखत लागणार होती. गोष्टी सांगणाऱ्या आज्यांचा कार्यक्रम होता. नणंदा, जावा, दीर सगळे टीव्हीसमोर दाटीवाटीने बसले होते. ती लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. तिथे काय बोलून आलात, हे सासूबाईंना विचारायचा तिला धीरच झाला नव्हता.

निवेदिकेने नेमकं तेच काढलं. "आजी, या गोष्टी घरी नातीला सांगता की नाही?"

पडद्यावरच्या सासूबाई हसल्या. "न सांगून कसं चालेल? आमच्या सूनबाईचा हट्टच असतो. आपली भाषा टिकली पाहिजे म्हणते. माझ्यापेक्षा तिलाच काळजी."

"वहिनी, मानलं बाई तुला," धाकटी नणंद म्हणाली. कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई खाली मान घालून चष्मा पुसत राहिल्या.



मांडीवरच्या लेकीने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि शाळेच्या भाषेत मोठ्याने विचारलं, "आई, आजी काय म्हणाली?"