एक बादली

कार्ड २३. जोर्नाता. इंग्रजीत : वन बकेट.

“वन बकेट!” डॉक्टर हयवदनांनी कार्ड टेबलावर टाकलं. “बाई, हा विनोद छापायचाय आपल्याला?”

चित्रशाळेच्या मुख्याध्यापिका हेमलताबाई हसल्या नाहीत. ओल्या गिलाव्यावर चित्र रंगवायची इटालियन रीत शिकवणारं पुस्तक इंग्रजीत आणायचं होतं. सोमवारी ते छापखान्यात जायचं होतं. त्यातले कारागिरीचे एक्केचाळीस शब्द शाळेचे भांडारपाल हणमंतराव यांनी उतरवले होते. तपासायला हयवदन. दोन वर्षं फ्लॉरेन्सला राहून आलेले.

“जोर्नाता म्हणजे एका दिवसाचं काम,” हयवदन म्हणाले. “कुठलाही कोश उघडा.”

“कोशात असेल, साहेब,” हणमंतराव म्हणाले. “पण गवंड्याला दिवस सांगितला तर तो दिवसभर लिंपत बसेल. भिंत संपेल, चित्रकार पहिल्या कोपऱ्यातच असेल. पुढचा गिलावा सुकून दगड. रंग बसायचा कशावर? त्यापेक्षा बादली सांगा. ओली आहे तोवर रंगवून होईल, तेवढीच.”

“तुम्ही इटालियन शिकलात कुठं?”

“जालहळ्ळीला.”

आता मात्र हयवदन मनापासून हसले.

कार्ड ९. इंतोनाको. शेवटचा, पातळ गिलावा. इंग्रजीत : थिक ॲज वन भाकरी. (‘भाकरी’ खोडलेलं. वर ‘क्वार्टर इंच’. हेमलताबाईंचं अक्षर.)

जालहळ्ळी खरी होती. शहराबाहेरच्या त्या गावात महायुद्धात इटालियन कैद्यांची छावणी होती. निपाणीहून आलेले हणमंतराव तिच्या भांडारात कारकून होते. चार वर्षं त्यांनी कैद्यांना साबण दिला, मीठ दिलं, चुना दिला. बदल्यात भाषा घेतली. आधी शिव्या, मग भाज्या, मग बाकीचं.

लुइजी नावाच्या कैद्याला जेवणघराची भिंत रंगवायची परवानगी मिळाली. रोज सकाळी तो एक बादली मळलेला चुना मागायचा. छावणीचा साहेब ओरडायचा, एकदम ने सगळा. लुइजी मान हलवायचा. बादलीकडे बोट दाखवायचा. जोर्नाता.

“अकरा दिवस,” हणमंतराव म्हणाले. “अकरा बादल्या. बाराव्या दिवशी अर्धीच मागितली. मी विचारलं, हे काय? म्हणाला, हीसुद्धा जोर्नाता. आणि हसला.”

हयवदन पुढं झुकले. “अर्धी का?”

“ते नाही सांगितलं.”

“म्हणजे काम तेच, दिवस तोच, बादली मात्र अर्धी. मग तुमचं माप राहिलं कुठं? तुमचा शब्द तुम्हीच मोडलात, हणमंतराव.”

तेरा वर्षं हणमंतरावांनाही ते कोडं सुटलं नव्हतं.

“चित्रात काय होतं?” हेमलताबाईंनी विचारलं.

“पाहिलं नाही, बाई. कारकुनाला आत मनाई. बादली दारात ठेवायची. दुसऱ्या दिवशी लुइजीला दुसऱ्या छावणीत हलवलं. मग भिंतीला सफेदी झाली.”

हेमलताबाईंनी लाल पेन्सिल उचलली. एक कार्ड खोटं ठरलं तर पेटीतली चाळीसही संशयात. पुस्तकावरचं हणमंतरावांचं नाव गेलं. उरणार काय? फुशारकी मारणारा एक भांडारपाल.

“स्वल्प थांबा, बाई,” हणमंतराव म्हणाले. “भिंत अजून आहे.”

छावणीचं जेवणघर आता एका कारखान्याचं सायकल-शेड झालं होतं. तिघांबरोबर शाळेची गवंडीण गंगव्वा थापी आणि काथ्या घेऊन आली होती. तिनं भिंतीला कान लावला, बोटानं ठोकलं.

“आत गट्टी आहे, एकदम घट्ट. वरचं सगळं पापड.”

थापीच्या धारेनं सफेदी सोलून निघाली. खाली निळं. गंगव्वानं पाणी फेकलं, काथ्यानं जोर लावून घासलं. काथ्याला नुसती सफेदी लागली, निळा रंग गिलाव्यातून सुटला नाही.

हयवदनांनी चष्मा पुसला.

निळ्यातून बारीक सांधे उमटत गेले. एका दिवसाचा गिलावा जिथं थांबला, दुसऱ्याचा जिथं चिकटला, त्या रेषा. हयवदन बोट ठेवून मोजू लागले. आधी मनात. मग मोठ्यानं. आभाळ, डोंगर, झाडं, लांब मेज, मेजाभोवती पाठमोरे जेवणारे. बहुतेक तुकडे एकाच आकाराचे.

“...दहा. अकरा.”

“बारावा?” हेमलताबाई म्हणाल्या.

बारावा दारापाशी होता. बाकीच्यांच्या निम्माच. गंगव्वानं तिथं थापी लावलीच नाही. नखानं सफेदी काढली, ओल्या पदरानं टिपलं. आधी काळी टोपी दिसली. मग मोठे कान. मग मिशी. केस न् केस वेगळा. डोळ्यांखालच्या सुरकुत्यासुद्धा. सबंध भिंतीवर समोर बघणारा एकच माणूस. दारात उभा, आत न आलेला. हातात बादली.

गंगव्वानं एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा मागं.

“अय्यो, हणमंतण्णा! टोपी तरी बदलायची की इतक्या वर्षांत!”

हणमंतरावांनी टोपी काढली. कुठं ठेवावी ते त्यांना कळेना.

“एवढं बारीक काम ओलं आहे तोवर उरकायचं, तर अर्धीच बादली पुरे,” हयवदन त्या लहानशा तुकड्यासमोर म्हणाले. मग त्यांनी हेमलताबाईंपुढं हात केला. कार्ड मागून घेतलं. सायकलच्या सीटवर टेकवलं, पेन उघडलं, आणि खोडलं काहीच नाही.

कार्ड २३. जोर्नाता. एक बादली.
चेहऱ्याला अर्धी. — हयवदन