मास्तरांचा नमुना

“तीन वेळा उसवलं. नवरीचे कपडेसुद्धा कधी इतके उसवले नाहीत मी,” शिंपीमास्तर मशीनमागे पुटपुटत होते.

दुकानात शिरणाऱ्या नर्सबाईंनी ते ऐकलं आणि कानाआड केलं. दुपारच्या शिबिरासाठी कापडाची छाती त्यांनीच मास्तरांकडे शिवायला टाकली होती. आत कापूस, कापसात गाठ. बायकांनी ती चाचपून शोधायची. गाठीसाठी त्यांनी एक मणीही दिला होता.

“मणी नाही घातला,” मास्तर म्हणाले. “मणी सरकतो. बटणावर दोरा गुंडाळला आणि आतून टाके घालून पक्कं बसवलं.”

नर्सबाईंनी बोटं फिरवली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. कडक, खडबडीत, जागची न हलणारी. बारा वर्षांत इतकी खरी गाठ कुठल्या नमुन्यात हाताला लागली नव्हती.

“कसं जमवलंत हो?”

“अंदाजानं.” मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. काज करत बसलेल्या बायकोनं मान आणखी खाली घातली.

नर्सबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

“दुखत नसेल, तरी दाखवायचं का?” मास्तरांनी सहज विचारावं तसं विचारलं.

“न दुखणारी तर आधी दाखवायची. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते घरी बसून आपण नाही ठरवायचं.” नर्सबाई हे बोलल्या ते मास्तरांच्या बायकोकडे बघत. “तपासणीची गाडी पाचपर्यंत आहे, वहिनी. पुन्हा येईल ती सहा महिन्यांनी.”

“आत पुरुषांना घेतात का हो?” वहिनींनी विचारलं.

“मास्तर थांबतील की बाहेर. घाबरायचं नाही.”

वहिनी काहीतरी बोलणार होत्या. मास्तरांना नेमका खोकला आला.

शेजारच्या हॉलमध्ये शिबिर भरलं. नर्सबाईंनी फलकावरच्या मोठ्या शब्दावर पट्टी ठेवली. “वाचा बरं मोठ्यानं. अवयव आहे, त्याला नाव आहे.”

सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. एकीनं ‘ते’ म्हणून बघितलं, दुसरीनं ‘पुढचं’. लाँड्रीवाल्या मावशी म्हणाल्या, “वरचं सामान म्हणा आणि सुटा!” हशा पिकला. मग दारात उभ्या मास्तरांकडे मावशींचं लक्ष गेलं. “अगंबाई, या पुरुषमाणसाला आधी बाहेर काढा!”

“मावशी, तीस वर्षं तुमची मापं काय पोस्टमन लिहून ठेवतोय?”

मास्तर तिथेच उभे राहिले, आणि नर्सबाईंचा शब्द न् शब्द ऐकत राहिले. किती काळजी या माणसाला बायकोची, असं नर्सबाईंना वाटलं. आणि बायको बघा, ढिम्म!

साडेचार वाजले. “वहिनी, चला आता.”

“मला काही झालेलं नाही हो.”

हे वाक्य नर्सबाईंनी शेकडो जणींकडून ऐकलं होतं. त्यांनी सरळ वहिनींचं मनगट धरलं, रांगेतल्या बायकांची माफी मागितली आणि वहिनींना गाडीत चढवलं. मास्तर मागोमाग आले आणि ‘फक्त महिलांसाठी’ या पाटीखाली घाम पुसत उभे राहिले.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाईंनी डोकं बाहेर काढलं. “यांना काही नाही. ठणठणीत आहेत.”

“नीट बघा हो!”

“दोनदा बघितलं. त्या पहिल्यापासून तेच सांगतायत.”

पाचला दहा मिनिटं कमी होती. ड्रायव्हर टेबलं आवरायला लागला. वहिनी पायऱ्या उतरून थेट नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता.

“माझी तपासणी झाली. आता तुम्ही बोलताय, की मी बोलू?”

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून हातात गुंडाळली.

“सिस्टर,” ते म्हणाले, आणि दिवसभरात एकाही बाईच्या तोंडून न निघालेला शब्द त्यांनी सगळ्यांसमोर स्वच्छ उच्चारला, “गाठ माझ्या स्तनात आहे.”