नांदगावचा आगाऊ ठिपका

हर्षालीच्या यंत्रानं मातीवर प्रकाश टाकला, की परत येणाऱ्या प्रकाशावरून तिच्यात कोणती चिकणमाती आहे ते कळायचं. नांदगावचे सगळे नमुने एकसारखे निघाले. नकाशावरचा एकच ठिपका मात्र घाटमाथ्यावरची, धो धो पावसातली माती दाखवत होता.

"कोरड्या नांदगावात ही आली कुठून ते शोधा, मगच तुमचा मातीचा नकाशा मंजूर," ऑफिसातले सर म्हणाले.

झालं. दोन वर्षांच्या शर्वरीला रडतं सोडून ती तो नमुना जिथून आणला होता त्या शेतात पुन्हा गेली. खणलं, तपासलं, माती नांदगावचीच. संध्याकाळी घरी येऊन ती चपलांसकट उंबऱ्यातच बसली.

"आई, त्या एका मातीच्या पुडीनं जीव खाल्ला हो माझा. आता पुढच्या आठवड्यात परत जायचं."

सासूबाईंनी नातीला मांडीवर ओढलं.

 

"नको जाऊस बाई. गॅलरीत वाळत घातलेली ती माती हिनं खाल्ली होती. तू लय घाबरतेस, म्हणून मीच तिथं तुळशीतली भरून ठेवली, माझ्या माहेरची, धो धो पावसाच्या पेठच्या डोंगरातली."